नववीला संस्कृतऐवजी फ्रेंच घ्यावे का? सांगलीतील एका पालकाचा प्रश्न

बागाईतदार_तासगाव

नमस्कार. आमची द्राक्षबाग तासगाव तालुक्यात आहे, पण मुलीच्या शाळेसाठी गेली काही वर्षे आम्ही सांगलीत विश्रामबागेजवळ राहतो. मुलगी सीबीएसईच्या शाळेत आठवीत आहे. या वर्षी शाळेने आठवीच्या मुलांना ओळख म्हणून आठवड्याला दोन तास फ्रेंच शिकवले आणि मागच्या पालकसभेत सांगितले की नववीपासून संस्कृत किंवा फ्रेंच यांपैकी एक भाषा निवडावी लागेल. अर्ज पंधरा दिवसांत भरून द्यायचा आहे.

घरात यावरून दोन तट पडले आहेत. माझ्या आईचे म्हणणे असे की दारात चालून आलेले संस्कृत सोडून सातासमुद्रापलीकडची भाषा घेण्यात शहाणपण नाही. पत्नीच्या पुण्यातील भाचीला फ्रेंचमध्ये उत्तम गुण मिळाले होते, त्यामुळे तिचा कल तिकडे आहे. मी स्वतः दहावीला हिंदी-संस्कृत संयुक्त घेतले होते आणि त्यातले 'देवः देवौ देवाः' एवढेच आज डोक्यात उरले आहे, तेव्हा माझ्या मताला घरात फारसे वजन नाही.

मुलीला मात्र फ्रेंचच हवे आहे आणि त्याचे कारण ऐकून मला हसू आले. आमच्याकडे पावसाळी हवा पडली की डाऊनी या द्राक्षावरच्या बुरशीजन्य रोगासाठी बोर्डोची फवारणी होते, म्हणजे मोरचूद आणि चुना एकेक किलो आणि शंभर लिटर पाणी. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो, पण तो इंग्रजीत लिहिताना शेवटी ई, ए, यू आणि एक्स अशी चार अक्षरे कशाला येतात हे मला कधी सुचले नव्हते. तिने वर्गात शिकल्यावर सांगितले की ही चारही अक्षरे मिळून नुसता 'ओ' होतो आणि 'बोर्दो' हे फ्रान्समधल्या द्राक्षांच्या मुलखातील शहराचे नाव आहे. तेव्हापासून ती फ्रेंचवर अडून बसली आहे.

जाणकारांना माझे विचारणे असे, की घरात कोणालाही ही भाषा येत नसताना सांगलीसारख्या ठिकाणी ती दोन वर्षांत नीट शिकून होते का, गुणांच्या दृष्टीने धोका किती, आणि दहावीनंतर पुढे तिचे काय करायचे?

---

मिरजवाला

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. संस्कृतचा पाठ अडला तर आपल्याकडे शिकवणी मिळते, गल्लीत एखादे निवृत्त गुरुजी सापडतात, जुन्या प्रश्नपत्रिका मिळतात आणि नीट अभ्यास केला तर पैकीच्या पैकी गुण पडतात. फ्रेंचचा पाठ अडला तर रात्री नऊ वाजता सांगलीत कोणाचे दार वाजवणार? आईंचे ऐका.

---

सातारा_ते_चाकण

मी साताऱ्याचा असून सध्या चाकणला एका कारखान्यात अभियंता आहे. मी शाळेत फ्रेंच घेतले होते आणि माझा अनुभव सांगणे मला कर्तव्य वाटते, कारण त्यातून भाषेचा नव्हे तर व्यवस्थेचा दोष कळेल. आमच्या शाळेचे नाव लिहीत नाही.

आमच्या बाई पुण्याहून आठवड्यातून दोन दिवस एसटीने येत. स्वारगेटहून सकाळची गाडी, पोवई नाक्यावर उतरून रिक्षा, सलग चार तास आणि संध्याकाळी परत. आठवीचे वर्ष फार सुंदर गेले. बाई फळ्यावर काही लिहिण्याआधी आम्हाला बोलायला लावत, आणि घशातला 'र' काढताना अख्खा वर्ग गुळण्या केल्यासारखा आवाज करी. नववीच्या सहामाहीनंतर बाईंना पुण्यातच नोकरी लागली आणि त्यांचे येणे थांबले. शाळेने दोन महिने तासाला दुसरेच शिक्षक पाठवले, ते आम्हाला स्वाध्याय करा म्हणून सांगत व उत्तरपत्रिका तपासत बसत. मधेच विषय बदलायला परवानगी मिळाली नाही. शेवटी आम्ही अकरा जणांनी मिळून पुण्यातील एका विद्यार्थिनीकडून मेच्या सुट्टीत शिकून घेतले आणि दहावीला निबंध, पत्र आणि संवाद अक्षरशः पाठ करून उतरवले. मला ८८ गुण पडले. पुढे नोकरीत एकदा फ्रान्सहून आलेल्या पाहुण्यांसमोर साहेबांनी मला कौतुकाने उभे केले, तेव्हा 'माझे नाव अमुक' यापलीकडे माझ्या तोंडून वाक्य फुटले नाही.

तेव्हा गुणांची काळजी करू नका, गुण पडतील. शाळेला एवढेच विचारा की शिकवणाऱ्या व्यक्ती कायम नेमणुकीवर आहेत की तासिका तत्त्वावर, त्या कुठे राहतात, आणि त्या सोडून गेल्या तर शाळा काय करणार आहे. माझ्या वडिलांनी हा प्रश्न विचारला नव्हता, कारण असा प्रश्न विचारायचा असतो हेच त्यांना ठाऊक नव्हते.

---

निवृत्त_शिक्षिका_सातारा

मी पुण्यात पंचवीसहून अधिक वर्षे शाळेत फ्रेंच शिकवले आणि निवृत्तीनंतर साताऱ्यात राहते. वरच्या उत्तरातील बाई मी नव्हे, पण स्वारगेटची ती सकाळची गाडी मला ठाऊक आहे. त्यांचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे, त्यामुळे तो पुन्हा मांडत नाही. मला लिहायचे आहे ते वेगळ्या गोष्टीवर, म्हणजे मराठी घरातल्या मुलीला फ्रेंच किती जड जाते यावर. कारण पालक ज्याला घाबरतात ते बहुधा सोपे असते आणि जे खरोखर अवघड आहे त्याकडे कोणाचे लक्ष नसते.

आपल्या शाळांत फ्रेंच इंग्रजीतून शिकवले जाते, हा पहिला घोटाळा. मी अनेक वर्गांत पाहिले आहे की शिक्षिका इंग्रजीतला 'यू' फळ्यावर लिहितात आणि त्याची फ्रेंचमध्ये दोन रूपे कशी होतात, एक जवळच्यासाठी व एक आदरार्थी, हे समजावण्यात अर्धा तास घालवतात. समोर बसलेली मुले घरून आईला 'तू' आणि बाबांना 'तुम्ही' म्हणून आलेली असतात. त्यांना एवढेच सांगायला हवे की 'त्यू' म्हणजे तू आणि 'वू' म्हणजे तुम्ही, आणि आपला 'तुम्ही' जसा आदराला चालतो तसाच अनेकांनाही चालतो, अगदी तसाच 'वू' चालतो. इंग्रज मुलाला जे नव्याने शिकावे लागते ते आपले मूल दूध पिताना शिकलेले असते.

लिंगाचेही तेच. टेबलाला स्त्रीलिंग का, असे विचारून इंग्रजीभाषक हैराण होतात. आपल्याकडे भात पुल्लिंगी, भाकरी स्त्रीलिंगी आणि दूध नपुंसकलिंगी असते आणि का ते कोणी विचारत नाही. फ्रेंचमध्ये दोनच लिंगे आहेत, म्हणजे आपल्यापेक्षा एक ओझे कमीच. अडचण एवढीच की वाटणी जुळत नाही: हात त्यांच्याकडे स्त्रीलिंगी, पुस्तक पुल्लिंगी आणि चंद्र तर चक्क स्त्रीलिंगी. म्हणून प्रत्येक नाम त्याच्याआधी येणाऱ्या पुल्लिंगी 'ल' किंवा स्त्रीलिंगी 'ला' या शब्दासकटच पाठ करावे, जसे आपण गाव आणि नाव एकदमच सांगतो.

आता भूतकाळाकडे वळते, कारण दहावीत मुले तिथेच गळपटतात. 'तो गेला' आणि 'ती गेली' यांत क्रियापद जसे कर्त्याप्रमाणे बदलते, तसे फ्रेंचमध्ये जाणे, येणे, पडणे अशा काही क्रियापदांत होते, फक्त बहुतेक वेळा बदल कानाला ऐकू येत नाही, लिहिताना शेवटी एक जास्तीचा 'ई' येतो एवढेच. पण गंमत पुढे आहे. 'मी आंबा खाल्ला', 'मी भाकरी खाल्ली' यांत खाणारा एकच असूनही क्रियापद खाल्लेल्या वस्तूमागे जाते, हा आपला कर्मणी प्रयोग. फ्रेंचमध्ये 'खाणे' यासारख्या क्रियापदांत असा बदल एरवी होत नाही, पण कर्म क्रियापदाच्या आधी आले, म्हणजे 'मी खाल्लेले सफरचंद' अशी रचना असली, की तिथे क्रियापदाचे रूप कर्माप्रमाणे लिहावे लागते. हा नियम इंग्रजीतून समजावताना माझ्या घशाला कोरड पडत असे. एकदा एका बारामतीच्या मुलाला मी मराठीतून 'भाकरी खाल्ली' सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "बाई, मग यात शिकायचं काय आहे?"

संख्यांचेही सांगते. सत्तरला फ्रेंच लोक साठ-दहा म्हणतात, ऐंशीला चार-वीस आणि सत्याण्णवला चार-वीस-दहा-सात. मुले हसतात. पण आपल्याकडची जुनी माणसे विसांच्या हिशेबाने मोजत, 'चार विसा' म्हणजे ऐंशी. बागाईतदार, तुमच्या आईंना विचारा, त्यांनी हे मोजमाप ऐकलेले असण्याचा बराच संभव आहे. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमधले फ्रेंचभाषक सत्तर आणि नव्वदसाठी सरळ वेगळे शब्द वापरतात, तेव्हा हा हट्ट मुख्यतः फ्रान्सचा आहे.

न उच्चारल्या जाणाऱ्या अक्षरांबद्दल तुमच्या मुलीने 'बोर्दो'वरून जे ओळखले ते अगदी बरोबर आहे. तिला आजोबा-पणजोबांचे एखादे जुने पत्र दाखवा. त्यात 'नांव', 'गांव', 'पांच' असे अनुस्वार दिसतील, जे बोलताना नाकातून कोणी काढत नव्हते. १९६२च्या नियमांनी ते लेखनातून गेले. फ्रेंचांनी मात्र आपले मुके पाहुणे घरात ठेवले आहेत. शिवाय ते पूर्ण मुके नसतात: 'मित्र' या अर्थाचा 'आमी' हा शब्द अनेकवचनात आला की त्याच्या आधीच्या 'ले' मधला दडलेला 'एस' जागा होतो आणि 'लेझामी' ऐकू येते. ज्याला संधी माहीत आहे, त्याला यात परके काही वाटू नये. पुढे स्वर आला म्हणून ध्वनी बदलणे हे संस्कृत शिकणाऱ्याचे रोजचेच काम असते. म्हणून संस्कृत आणि फ्रेंच यांना मी कधी सवती मानले नाही.

खरे अवघड आहे ते कान आणि ओठ. ओठ 'ऊ'चे ठेवून जिभेने 'ई' म्हणायचा, असा एक स्वर फ्रेंचमध्ये आहे आणि तो मराठीत नाही. त्याचे महत्त्व किती, तर 'वर' आणि 'खाली' या अर्थाचे दोन शब्द, ढोबळमानाने 'दस्यू' आणि 'दसू', केवळ त्या एका स्वराने वेगळे होतात. पुस्तक वाचून हे येत नाही. रोज दहा मिनिटे ध्वनिफीत ऐकणे आणि मोठ्याने म्हणणे याला पर्याय नाही, आणि हे काम सांगलीत बसूनही होते, त्यासाठी पुण्याची गाडी धरावी लागत नाही. अनुनासिक स्वरांचे तसे नाही. वाइनला 'वँ' आणि वाऱ्याला 'वाँ' हा फरक आपल्या मुलांना दोन आठवड्यांत जमतो.

गुणांबद्दल. सीबीएसईत ८० गुणांची लेखी परीक्षा आणि २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन असते. लेखीत उताऱ्याचे आकलन, लेखन, व्याकरण आणि फ्रान्सची संस्कृती असे भाग असतात. बोलण्याला त्यात फारसे स्थान नाही, आणि म्हणूनच वर लिहिणाऱ्या अभियंत्यासारखे ८८ गुण मिळवणारे अबोल विद्यार्थी तयार होतात. यावर उपाय म्हणून मी पालकांना 'डेल्फ' परीक्षेचा आग्रह धरते. ही फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाची पदविका आहे, शालेय मुलांसाठी तिची वेगळी आवृत्ती असते, ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे यांना प्रत्येकी २५ गुण असतात, उत्तीर्ण होण्यास एकूण ५० लागतात आणि कोणत्याही एका भागात ५च्या खाली गेलात तर नापास. पाठांतर करून बोलण्याचे गुण मिळत नाहीत, हाच तिचा उपयोग. पहिल्या पायऱ्या ए-१ आणि ए-२ या शाळकरी वयात सहज गाठता येतात, आणि मिळालेली पदविका आयुष्यभर टिकते. पुण्यातील आलियाँस फ्राँसेझ या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेत चौकशी केलीत की परीक्षांचे वेळापत्रक कळेल.

---

नियमाप्रमाणे

एक तांत्रिक बाब कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. राज्याच्या २०२०च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे, त्यामुळे फ्रेंच घेतल्याने मराठी सुटेल ही भीती नको. प्रश्न दुसरीकडे आहे. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात माध्यमिक स्तरावर फ्रेंचसह अनेक परकीय भाषा देता येतील असे म्हटले आहे, पण त्याच धोरणाचे सूत्र असे की शिकायच्या तीन भाषांपैकी किमान दोन भारतीय असाव्यात. इंग्रजी, मराठी आणि फ्रेंच अशी मांडणी केली तर त्यात भारतीय भाषा एकच राहते. हे सूत्र जसजसे वरच्या इयत्तांना लागू होत जाईल, तसतसे फ्रेंच मुख्य विषयांत बसेल की अतिरिक्त सहावा विषय म्हणून घ्यावे लागेल, हे बदलू शकते. म्हणून शाळेकडून तोंडी नव्हे, लेखी घ्या: आपल्या मुलीच्या तुकडीसाठी दहावीच्या नोंदणीत फ्रेंच कोणत्या रकान्यात दाखवले जाणार आहे?

दहावीनंतरच्या उपयोगाबद्दल इतकेच, की फ्रेंच ही संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांपैकी एक आहे आणि कॅनडात कायम वास्तव्यासाठी अर्ज करणाऱ्यांना तिचे वेगळे गुण मिळतात. मात्र तिथे टीईएफ किंवा टीसीएफ या परीक्षांचा निकाल लागतो आणि तो दोनच वर्षे ग्राह्य असतो, शाळेतले गुणपत्रक तिथे चालत नाही. आपल्या जवळ कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात परकीय भाषा विभाग आहे, तेव्हा पुढे शिकायचे म्हटले तर सगळे पुण्यातच आहे असेही नाही.

---

मिरजवाला

शिक्षिकाबाईंचे उत्तर वाचून माझा विरोध निम्मा झाला. उरलेला निम्मा शिक्षक टिकण्याबद्दलचा आहे आणि तो मी सोडत नाही.

---

बागाईतदार_तासगाव

सर्वांचे मनापासून आभार. काल मुख्याध्यापकांना भेटून आलो. फ्रेंच शिकवणाऱ्या मॅडम कुपवाडला राहतात, त्यांच्या यजमानांची नोकरी तिथल्या औद्योगिक वसाहतीत आहे आणि शाळेने त्यांना पूर्णवेळ नेमले आहे, हे कळल्यावर मिरजवाल्यांची शंका निदान सध्यापुरती मिटते. नोंदणीच्या रकान्याचा प्रश्न विचारल्यावर मात्र साहेब जरा घुटमळले आणि मंडळाकडे विचारून लेखी कळवतो म्हणाले. शुक्रवारपर्यंत पत्र आले तर अर्जात फ्रेंच लिहिणार आहे. न आल्यास संस्कृत लिहून फ्रेंचची तयारी ए-१ परीक्षेसाठी घरी चालू ठेवायची, असे मुलीशी ठरले आहे. तिने हे फार नाखुशीने मान्य केले.

आईला 'चार विसा' विचारले. ती म्हणाली, तिच्या आजोळी अंडी आणि आंबे असेच मोजत, आणि त्यानंतर तिने स्वतःहून मुलीकडून फ्रेंच आकडे वदवून घेतले. काल रात्री मुलीने तिला फ्रेंच वार म्हणून दाखवले आणि एक गोष्ट निघाली ती इथे विचारतो. सोमवारला 'लँदी', आणि चंद्राला त्यांच्याकडे 'ल्यून' म्हणतात, म्हणजे तो चंद्राचाच वार. मंगळवार मंगळाचा, बुधवार बुधाचा, गुरुवार गुरूचा, शुक्रवार शुक्राचा, सगळे आपल्यासारखेच जुळत गेले. आईला याचे फार अप्रूप वाटले. पण शनिवारला ते 'साम्दी' म्हणतात आणि रविवारला 'दिमाँश', त्यांत शनी आणि सूर्य कुठे सापडेनात. आईचा प्रश्न असा की पाच वार नीट चालले असताना शेवटच्या दोघांचे काय बिनसले?

---

निवृत्त_शिक्षिका_सातारा

आईंना माझा नमस्कार सांगा, त्यांनी बरोबर दुखरी जागा पकडली. पूर्वी लॅटिनमध्ये हे दोन्ही वारही शनीचे आणि सूर्याचेच होते, आणि इंग्रजीत ते आजही तसेच आहेत. फ्रेंचमध्ये मात्र धर्माने हे दोन दिवस आपल्याकडे घेतले: 'साम्दी' हा शब्द ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसावरून, म्हणजे सब्बाथवरून आला आणि 'दिमाँश' म्हणजे प्रभूचा दिवस. आपल्याकडे जेजुरीमुळे कोणी रविवारला 'खंडोबावार' म्हणू लागले असते, तर जसे झाले असते तसे. पत्र आले की कळवा, आणि मुलीला सांगा की 'दिमाँश'मधला शेवटचा 'ई' लिहायचा असतो, म्हणायचा नसतो.